धुराड्याखालची हजेरी

प्लग खिशात घालून हिंडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भिकननाना. त्यांच्या यंत्राची वायर लांबलचक होती आणि काम प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत तिचं टोक नानांच्या सदऱ्याच्या खिशात असे. भट्टीभोवती ते फेऱ्या मारत, तेव्हा ती वायर फरशीवरून खरडत त्यांच्यामागे येई. पाहणाऱ्याला वाटावं, बांधलेलं यंत्र नाही, नानाच आहेत.

अमळनेरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे. नाना पहिल्यांदा आले ते पोत्यात गुंडाळलेलं एक जाड ड्रिल मशीन घेऊन. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि नखांच्या कडांना कधीच न जाणारी काजळी. मशीन बिघडलेलं नव्हतं. नाना म्हणाले, "हाई उलटं फिरनारं बटन काढी टाक."

मी म्हणालो, "नाना, ते वापरू नका म्हणजे झालं. चांगलं मशीन कशाला फोडायचं?"

"हात इसरस, भाऊ. बटनच नही राहिनं ते हात काय करी?"

मग त्यांनी मला त्यांचं काम समजावून सांगितलं. धुराडं साफ करायला पूर्वी छतावर चढून, दोराला लोखंडी वजन आणि तारेचा ब्रश बांधून तो खाली सोडत. आता त्यांच्याकडे वाकणाऱ्या लवचीक कांड्या होत्या. एकीच्या टोकात दुसरी आट्यांनी बसवायची, सगळ्यांत वर नायलॉनच्या दातांचा ब्रश, सगळ्यांत खाली हे ड्रिल. ते चालू केलं की ब्रश गरगर फिरत, कडेची काजळी झाडत वर चढतो. माणूस जमिनीवर राहतो. पण फिरणं एकाच दिशेचं हवं. उलटं फिरलं की कांड्यांचे आटे सुटतात, ब्रश धुराड्यात अडकून बसतो आणि खालच्याला पत्ता लागत नाही.

"मंग तो भट्टी पेटावस," नाना म्हणाले, "आनि धूर घरमा येस. वर पोरंसोरं र्‍हातस."

मी बटण काढलं, भोक बुजवलं. तेवढा वेळ नाना समोरच्या स्टुलावर बसून होते. प्लग तेव्हाही त्यांच्याच खिशात होता. माझ्या टेबलावर, माझ्या दुकानात. मला तो थोडा अपमान वाटला होता, हे मी इथे मान्य करून टाकतो. नंतर कळलं की त्यांनी हा विश्वास कोणावरच टाकला नव्हता, स्वतःवरसुद्धा नाही.

नाना एका तेलाच्या मिलमध्ये बॉयलरवर फायरमन होते. मिल बंद पडली. मग बेकऱ्या, फरसाणवाले, हॉटेलं, जळगावकडचे केळीचे वेफर तळणारे, अशांची धुराडी ते साफ करू लागले. सोबत त्यांचा मेहुणा झिपरू असे. चाळिशीचा, अंगानं किरकोळ, तोंडानं भरपूर. माझं दुकान मंदावलं तसा मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. प्रथम मशीन सांभाळायला म्हणून, मग सवयीनं.

स्वतःविषयी नानांचं मत फार चांगलं होतं. "धुय्यापाइन भुसावळलोंग धुराडं म्हनशी ते भिकन," धुळ्यापासून भुसावळपर्यंत आपणच, असं ते कोणी न विचारताही सांगत. काजळीच्या कामाला पांढरा सदरा घालून येत, वरून खाकी डगला चढवत, आणि काम संपल्यावर डगला काढून सदरा लोकांना दाखवत. डाग पडलेला असला तर तो दिवस झिपरूसाठी वाईट जाई. काम आटोपलं की गूळ-शेंगदाणे खात. त्यानं घशातला धूर उतरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तोंडावर मास्क असताना धूर घशात जाईलच कसा, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मंग गूय खाले काय कारन सांगू?"

पण हा बढाईखोर माणूस कामाच्या जागी पाऊल टाकलं की घाबरट होई. दुसरा शब्द मला सापडत नाही. आदल्या दिवसापासून भट्टी विझलेली आहे ना, असं मालकाला विचारायचं, मग कारागिराला, मग स्वतः राखेत हात घालायचा. मालक ओली पऱ्हाटी जाळतो का ते पाहायचं, कारण कपाशीच्या ओल्या काड्यांची काजळी डांबरासारखी चिकटते आणि कधी तीच पेट घेते. भट्टीचं तोंड जाड कापडानं बंद करायचं, कडा चिकटपट्टीनं दाबायच्या, मधल्या भोकातून कांडी आत घालायची. झिपरूनं गच्चीवर, धुराड्यापासून लांब उभं राहायचं आणि ब्रश वर निघाला की सांगायचं. त्यानंतर नाना भिंतीला कान लावत. डोळे मिटून, बराच वेळ. आत पारव्याचं घरटं असलं तर त्यांना ते तिथूनच कळे.

आणि सगळ्यांत शेवटी हजेरी.

प्लग लावण्याआधी नाना त्या जागेतल्या प्रत्येकाचं नाव घेत. आमचं, कारागिरांचं, मालकाचं, आणि पाहायला थांबलेल्या शेजाऱ्याचंसुद्धा. ज्याचं नाव घेतलं त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "शे." म्हणजे, आहे. दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नसे. मधेच कोणी आलं किंवा गेलं, तर आलेल्याचं नाव घालून, गेलेल्याचं गाळून, हजेरी पुन्हा पहिल्यापासून.

झिपरू वरून ओरडे, "नाना, देवनं नाव बी इतलं घेत नही तुम्ही, जितलं आम्हनं घेतस."

"देव धुराडामा हात घालत नही," नाना सांगत.

धुळ्याला एका फरसाणवाल्याकडे आम्ही गेलो होतो. दिवाळी तोंडावर आलेली, शेव-चिवड्याची मागणी चढलेली. शेटजी गादीवरून उठून पुन्हापुन्हा आत येत आणि घड्याळाकडे पाहत. हजेरी सुरू झाली तसे ते म्हणाले, "नाना, तुम्ही सफाई करायला आलात का शाळा भरवायला?"

"शेटजी, शे का नही?"

"अहो, समोर उभा आहे."

"शे का नही?"

"शे बाबा, शे."

नाना पुढच्या नावाकडे वळले. रामलाल नावाचा तळणी कारागीर. "शे," असा आवाज आला. नाना थांबले. त्यांनी मान किंचित वाकडी केली आणि वर, गच्चीच्या दिशेनं पाहिलं.

"झिपऱ्या, हाऊ तुन्हा आवाज शे."

मग वरून झिपरू म्हणाला, "रामलाल चहाले गया. म्हनं, कसाले टाइम घालावो."

नानांनी खिशातला प्लग चाचपला आणि ते ओट्यावर बसून राहिले. शेटजींनी रागावून पाहिलं, मग विनवून पाहिलं. अखेर रामलालला शोधायला माणूस धाडायची वेळ आली, तेव्हा तो सापडला तो चहाच्या टपरीवर नाही, भट्टीच्या मागच्या बाजूला. राख काढायच्या दारातून आत वाकून तो आपला पडलेला झारा शोधत होता. मागच्या दारावर कापड नव्हतं. ब्रश सुरू झाला असता तर धुराड्यातली काजळी, आणि ढासळलेली एखादी वीट, त्याच्या डोक्यावर आली असती.

नानांनी हजेरी पहिल्यापासून घेतली. या वेळी शेटजींचं "शे" शाळेतल्या हुशार मुलासारखं चटकन आलं.

परतीच्या एस.टी.त मी नानांना विचारलं, की ही पद्धत आली कुठून. गाडी पारोळ्याच्या पुढे आल्यावर त्यांनी उत्तर दिलं.

मिलमध्ये बॉयलरपासून चिमणीपर्यंत धुराचा एक विटांचा बोगदा होता. बॉयलर बंद ठेवून तो आतून खरवडावा लागे. एकदा काम उरकलं, जमादारानं विचारलं, सगळे बाहेर आले का? कोणीतरी म्हणालं, आले. हिरामण? तो चहाला गेला. भट्टी पेटवली. नाना तेव्हा नवे होते, सरपण टाकायच्या दारापाशी उभे होते. त्यांना आतून टकटक ऐकू आली. बाकीचे म्हणाले, लोखंड तापतंय, तडतडणारच.

"लोखंड तडतडस ते मनमर्जी," नाना म्हणाले. "ती टकटक इचारी राहिनी व्हती."

त्यांनी कोणाला न विचारता आगीवर पाणी ओतलं. जमादारानं शिवी दिली. वाफेनं नानांचा हात पोळला, तो डाग मी पाहिलेला आहे. बोगद्याचं दार उघडलं तेव्हा हिरामण खरवडायचं लोखंड भिंतीवर आपटत होता. तो वाचला. पण त्याचा आवाज कायमचा बसला.

"त्याना पाइन ठरावं," नाना म्हणाले. "ज्यानं त्यानं आपलं सांगानं. दुसरानं सांगेल चालाव नही." आणि अभिमानानं, "त्या रोज मन्हा कान नसता ते हिरामन नसता."

पुढे सगळी काळजी सुरू झाली ती या एका वाक्यामुळे.

साधारण वर्षाभरानं मला बारीकसारीक गोष्टी जाणवू लागल्या. नाना भिंतीला कान लावायचे, ते तळवा लावू लागले. विचारलं तर म्हणाले, कान थंड पडतो. हजेरीला "शे" म्हणताना हात वर करा, असा नवा नियम आला. मग समोर येऊन उभे राहा, असा त्याहून नवा. गच्चीवरच्या झिपरूला कठड्यावरून वाकून तोंड दाखवावं लागे. तो कुरकुरे, "आते फोटो बी काढा." मी त्यांच्या मागून काही बोललो तर उत्तर येत नसे, आणि समोरून बोललो तर ते माझ्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहत.

एकदा त्यांच्या घरी गेलो, तर दाराची कडी मी किती वेळ वाजवतो आहे आणि नाना आत ओसरीवर बसूनच आहेत. दार अक्कांनी उघडलं, त्यांच्या पत्नीनं. मला अंगणातच थांबवून त्या हळूच म्हणाल्या, "वसंताभाऊ, कुकरनी शिटी त्यासले ऐकू येत नही. माले म्हनतस, कोनले सांगू नको. तुम्ही सांगा ना त्यासले, आते पुरं करा."

मी हो म्हणालो. आणि सांगितलं नाही.

याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बॉयलरच्या घरघरीत ज्यानं आयुष्य काढलं त्याचे कान जाणारच, यात लाजण्यासारखं काय? पण ज्या कानानं एक माणूस जिवंत बाहेर आला, तो कान गेला असं त्यांना कोण सांगणार? मी मनाशी एक तडजोड केली: आपण लक्ष ठेवू. काम सुरू होण्याआधी मीही मनातल्या मनात माणसं मोजू लागलो. रात्री आठवून पाही, आज सगळे होते ना. भीतीची जी सवय नानांना होती, ती मला लागली, पण तिच्यातली शिस्त मात्र माझ्याकडे आली नव्हती.

मग धरणगावची बेकरी. जुनी, लाकडाची भट्टी, वर मालकाचं बिऱ्हाड. त्या दिवशी गच्चीचं दार गंजून अडकलं होतं, म्हणून झिपरू खालीच होता. ब्रश वर निघाला की रस्त्यावरून पाहायचं ठरलं. नानांनी राखेत हात घातला, कापड लावलं, वरच्या बिऱ्हाडातल्यांना अंगणात बोलावलं. हजेरी सुरू झाली. मालक, "शे." मालकाची सून, "शे." मी, "शे."

"झिपरू."

झिपरू बोलला नाही. तो समोरही नव्हता. मी मान वळवून पाहिलं, तर धुराड्याच्या बाजूच्या साफ करायच्या झडपेतून त्याचा हात खांद्यापर्यंत आत होता. ब्रश कोपऱ्यात अडकला होता, तो सरळ करत होता. नानांनी मान डोलावली, तोंडानं "हां" म्हणाले, आणि खिशातून प्लग काढला.

"नाना," मी म्हणालो. मग ओरडलो. बेकरीचा मालक दचकला, बाहेरचा रिक्षावाला थांबून पाहू लागला. नाना प्लग घेऊन बोर्डाकडे चालत राहिले. यंत्राचं बटण आधीच्या वेळचं चालूच राहिलं होतं. प्लग बसला असता त्याच क्षणी ब्रश फिरला असता. मी धावलो आणि बोर्डाच्या भोकांवर तळहात दाबून उभा राहिलो. नानांचा प्लग माझ्या हाताच्या पाठीवर येऊन टेकला.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग माझ्या नजरेच्या दिशेनं त्यांनी मागे पाहिलं. झिपरूनं झडपेतून हात बाहेर काढला होता, काळा, खांद्यापर्यंत. त्याला बोलता येत नव्हतं असं मी प्रथमच पाहिलं.

नाना खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "तो 'शे' म्हना ना?"

मी त्यांच्यासमोर बसून, ओठ स्पष्ट हलवत म्हणालो, "नाही, नाना."

"माले ऐकू उनं."

मी नकारार्थी मान हलवली.

"इतला वरीस त्याना आवाज ऐकी राहिनू. नाव घिदं का तो येसच. आज उना नही, ते मी मन्हा मनमाच ऐकी लिधा." त्यांनी झिपरूकडे पाहिलं. "दुसरानं सांगेल चालत नही ना. हाई बी दुसरानंच झायं."

मग त्यांनी वायर ओढून गोळा केली आणि प्लग माझ्या सदऱ्याच्या खिशात घातला. वरून एकदा थोपटला. त्या दिवसाचं काम मी केलं. कांड्यांचे आटे मी पुन्हापुन्हा काढून बसवले. नाना बाहेर रस्त्यावर उभे राहून वर पाहत होते. ब्रश धुराड्याच्या तोंडातून बाहेर आला तेव्हा त्यांनी हात वर केला, आणि आम्हाला तो दारातून दिसला. सगळं साफ झाल्यावर पऱ्हाटीची मूठ पेटवून धूर नीट वर जातो का तेही त्यांनी पाहिलं. गूळ-शेंगदाणे मात्र खाल्ले नाहीत.

त्यानंतर नाना कामावर आले नाहीत. झिपरू आणि मी काम करत राहिलो. नाना अधूनमधून दुकानात येऊन बसत, कान गेल्याचं आता उघडपणे आणि थोड्या दिमाखानं सांगत. "अमळनेरमा मन्हाइतला बहिरा कोनी नही." कानातलं यंत्र मुलीनं आणून दिलं होतं, ते त्यांना पटलं नाही. मुलीचं सासर साक्रीकडे. पुढे तिनं दोघांना तिकडेच राहायला बोलावलं.

जायच्या दिवशी आमचं काम बस स्टँडजवळच्या बेकरीत होतं. अक्का सामान घेऊन स्टँडवर बसल्या होत्या. नाना गाडीला वेळ आहे म्हणून आमच्याकडे आले आणि अंगणातल्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून बसले. समोर रस्त्यापलीकडे एका दुकानाची मोठी काच होती, रहदारी होती. मला वाटलं, ते तिकडे पाहत असावेत.

मी भट्टीपाशी उभा राहून हजेरी सुरू केली. प्लग खिशात होता. बेकरीवाला, "शे." झिपरू गच्चीवरून, "शे." मग मी म्हणालो, "भिकननाना."

नाना हलले नाहीत.

झिपरू वरून म्हणाला, "त्या बाहेर शेतस. दिखी राहिनात माले. कर चालू."

तेही खरंच होतं. नाना भट्टीपासून चांगले लांब होते, कापड घट्ट लावलेलं होतं, काही होणार नव्हतं. बेकरीवाला माझ्याकडे पाहत होता. मी वायर सोडवत, ती खरडत, अंगण ओलांडून नानांसमोर जाऊन उभा राहिलो.

"नाना."

"शे," ते लगेच म्हणाले.

"मघाशी का नाही म्हणालात?"

त्यांनी हनुवटीनं समोरच्या काचेकडे खूण केली. तिच्यात आमचं सगळं अंगण दिसत होतं, भट्टीचं दार, तिथली माझी जागा. "तुन्हं तोंड तठे दिखी राहिनं व्हतं. नाव घिदं ते समजनं माले."

"मग?"

"पाहानं व्हतं," नाना म्हणाले, "तू येस का नही."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी मला उठवताना माझा खिसा चाचपला, प्लग लागला तसं समाधानानं "हां" म्हणाले. तेवढ्यात स्टँडवरून अक्कांनी पदर हलवला. गाडी लागली होती. नाना टोपी सारखी करत रस्ता ओलांडून गेले. दोन्ही बाजूंना पाहून, मग पुन्हा एकदा पाहून.

मी फाटकातच थांबलो. गाडी बेकरीवरूनच वळून जाते. खिडकीत नाना होते. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मान वाकडी करून ते वर, धुराड्याच्या तोंडाकडे पाहत होते, जिथे अजून काहीच निघालेलं नव्हतं. त्यांचा हात खिडकीबाहेर, वर केलेला होता. गाडी वळेपर्यंत तो तसाच होता.

आत आलो. एक माणूस गेला होता, म्हणून हजेरी पुन्हा पहिल्यापासून घेतली. बेकरीवाला कंटाळून "शे" म्हणाला, झिपरू हळू आवाजात. गेलेल्याचं नाव गाळायचं, हा नियम होता. मी ते घेतलं नाही. पण ते घ्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा थांबलो, आणि मग प्लग लावला.